जनीचे जाते आणि वाळवंटाचा केर

पंढरपूरहून गोपाळपूर फार लांब नाही. आषाढी एकादशी झाली, की पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरी येतात, काला होतो आणि मग वारकरी परतीची वाट धरतात. टेकडीवरच्या गोपाळकृष्णाच्या मंदिरात संत जनाबाईंची खोली दाखवली जाते. तिथे त्यांचे म्हणून एक जाते आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया त्या जात्याचा खुंटा धरून एखादा फेरा फिरवतात आणि हात कपाळाला लावून बाहेर पडतात. याच गोपाळपूरच्या परिसरात १९९८ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावाची ओळख सातशे वर्षे एका दासीच्या जात्याने होती, त्या गावी आता संगणक, यंत्र आणि विद्युत या शाखांचे विद्यार्थी शिकतात. ही गोष्ट अभिमानाचीच आहे.

'तंत्रज्ञान आणि बदलते जग' हा विषय या वयाच्या मुलांना नवा नाही. शाळेच्या निबंधात तो असतो, महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेत असतो आणि पुढे नोकरीच्या गटचर्चेतही तोच पुन्हा भेटतो. मुले लिहितातही बरे. चाकाचा शोध, वाफेचे इंजिन, वीज, दूरध्वनी, संगणक, इंटरनेट, भ्रमणध्वनी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता अशी मिरवणूक निघते. मध्ये एखादा परिच्छेद तंत्रज्ञानाच्या दुष्परिणामांवर असतो. शेवटी शाप की वरदान हा प्रश्न विचारून नाण्याला दोन बाजू असतात असे सांगितले जाते. गुणही चांगले पडतात. परंतु हा निबंध परभणीत लिहिला काय किंवा पेरू देशात लिहिला काय, त्यात काही फरक पडत नाही. लिहिणारा पंढरपूरचा असला, तरी त्यात पंढरपूर नसते. ज्या जात्यावरून तो रोज महाविद्यालयात जातो, ते जाते हेही एक यंत्र होते आणि त्याची जागा दुसऱ्या यंत्राने घेतली तेव्हा या प्रदेशातील घराघरांचे आयुष्य बदलले, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

ते सांगायला हवे. पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी उठून घरातील दहा तोंडांपुरते धान्य दळणे हा कष्ट काय होता, याची कल्पना आज तिशीतल्या गृहिणीलाही येणार नाही. खांदे भरून येत, तळहातांना घट्टे पडत आणि आजारपण किंवा बाळंतपण यांपैकी कशाचीही सवड जाते देत नसे. मग गावोगावी तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. पुढे वीज आली आणि गिरणीचा पट्टा विजेवर फिरू लागला. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाणाऱ्या बाईने जात्यासाठी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. जात्याचा विरह झाला तो प्रामुख्याने शहरातील कवींना आणि दिवाणखान्यात शोभेसाठी जाते मांडणाऱ्यांना!

मात्र जात्याबरोबर ओवी गेली, हेही खरे. दळता दळता बाई बोलत असे ते कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीची काळजी आणि पंढरीच्या विठोबाशी केलेले भांडण हे सारे पिठाबरोबर बाहेर पडत असे. गिरणीच्या खडखडाटात त्याला जागा राहिली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ या दोन अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत हिंडून, कष्टकरी स्त्रियांजवळ बसून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांची सूची संगणकावर तयार झाली, शेकडो गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि २०१७ पासून त्या ओव्या महाजालावर कोणालाही वाचता-ऐकता येऊ लागल्या. एका यंत्राने जे संपवले, त्यातले काही दुसऱ्या यंत्राने राखले. पण ते यंत्राने आपण होऊन राखले नाही. यंत्र ओझे उचलते. ओझ्याबरोबर आणखी काय उचलले गेले, हे पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते. त्या दोघांनी ते केले, म्हणून ओव्या उरल्या.

पंढरपूरच्या विद्यार्थ्याने दुसरा धडा रेल्वे स्थानकावर जाऊन घ्यावा. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लोहवाट उभारली. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला येऊन पोहोचली. कमी खर्चात, हलक्या रुळांवर, ओझे सर्व आसांवर सारखे वाटून गाडी कशी चालवावी याचा तो जगभर नावाजलेला नमुना होता. अनेक दशके ही छोटी गाडी वारकऱ्यांनी ओसंडून वाहिली. पुढे रुंद मार्ग आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली आणि आता आषाढीला एस.टी. महामंडळ पाच हजारांच्या वर जादा गाड्या सोडते. २०२१ मध्ये पालखी मार्गांच्या राष्ट्रीय महामार्गांची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी बाजूने पायवाट, मुक्कामाच्या सोयी हे सारे त्या आराखड्यात आले. या रुंदीकरणात जुने वड गेले, ती सावली मात्र कोणत्याही आराखड्याने लगेच परत मिळणार नाही.

आगगाडी आल्यावर अडीचशे किलोमीटर पायी चालण्याचे कारणच उरत नाही, असे तर्कशास्त्र सांगेल. पोहोचणे हाच हेतू असेल, तर तीन आठवडे चिखलपाण्यात पाय तुडवण्यात शहाणपणा कोणता? तरीही आळंदीहून आणि देहूहून निघणाऱ्या पालख्यांमागची गर्दी आटली नाही, वाढतच गेली. ज्याला पोहोचायचे होते, त्याने गाडी धरली. ज्याला चालायचे होते, तो चालत राहिला. वारीने यंत्राशी भांडण मांडले नाही, की त्याच्यापुढे लोटांगणही घातले नाही. दिंडीचे सामान वाहायला मालमोटार आली, पाण्याला टँकर आला, कीर्तनाला ध्वनिक्षेपक आला, चोपदाराच्या खिशात भ्रमणध्वनी आला. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांनी संपादित केलेली तुकोबांची गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून छापून निघाली. तोवर हस्तलिखित वह्यांत असलेले अभंग पुढे छापील पुस्तकांतून घरोघरी पोहोचले. या प्रत्येक साधनाला वारीने आपली जागा दाखवली. पायांची जागा मात्र कोणालाही दिली नाही.

याची कसोटी २०२० मध्ये लागली. महामारीमुळे मंदिराचे दरवाजे १७ मार्चपासून भाविकांना बंद झाले होते. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एस.टी. बसमधून पंढरीला आल्या आणि १ जुलैला एकादशी झाली ती रिकाम्या रस्त्यांवर. घरबसल्या दर्शनाची सर्व सोय तंत्रज्ञानाने केलेली होती. गाभाऱ्यातले विठ्ठलाचे रूप पडद्यावर इतके जवळून दिसत होते, की प्रत्यक्ष रांगेत एका क्षणात पुढे ढकलल्या जाणाऱ्या भाविकाला ते कधीच तसे दिसत नाही. २०२१ मध्येही पायी वारी झाली नाही. आणि २०२२ मध्ये वाट मोकळी होताच लाखो माणसे पुन्हा रस्त्यावर उतरली. पडद्यावरचे दर्शन खोटे होते असे त्यांपैकी कोणी म्हटले नाही. ते अडचणीच्या वेळी उपयोगी पडले, एवढेच.

मंदिरापाशी येऊन थांबले, की तिसरा धडा समोर येतो. पदस्पर्शदर्शनाची रांग आषाढीत गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. म्हणजे ती जनाबाईच्या जात्यापर्यंतच जाते म्हणा ना! दहा-दहा, वीस-वीस तास माणसे उभी असतात. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या असतात, कडेवर मूल घेतलेल्या लेकुरवाळ्या असतात. २०२५ च्या जूनमध्ये मंदिर समितीने टोकन पद्धतीने दर्शनाची चाचणी घेतली. ठरलेल्या वेळी यावे, दर्शन घ्यावे, मधल्या वेळात रांगेत ताटकळू नये, अशी ही कल्पना. त्याच वर्षीच्या आषाढीत गर्दीवर नजर ठेवण्यासाठी ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वापरले गेले. 'रांगेत उभे राहण्यात जी भक्ती आहे, ती टोकनात नाही' असे म्हणणारे असतील. त्यांनी एकदा साठ वर्षांच्या मधुमेही बाईबरोबर रात्रभर उभे राहून पाहावे. ताटकळणे आणि तपश्चर्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकन येत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे.

पण त्याबरोबर एक प्रश्न येतो आणि तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानेच विचारायला हवा. ते टोकन कोण घेऊ शकेल? ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे आणि बोटांना सवय आहे, तो. जिंतूरच्या किंवा जतच्या खेड्यातून दिंडीबरोबर आलेली आजी, जिच्याजवळ एक पिशवी आणि टाळ आहे, तिला भ्रमणध्वनी दुसऱ्याकडून लावून घ्यावा लागतो. तिच्यासाठी खिडकी किती, ती कुठे, तिथे बोलणारा माणूस कोण, यावर ही पद्धत न्याय्य आहे की नाही, हे ठरेल. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना उघडले. त्यापूर्वी शतकानुशतके चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर होती आणि चोखोबांचे वंशज दाराबाहेर होते. रांग सर्वांची आहे, हे कोणत्याही संगणकाने ठरवलेले नाही. ते माणसांनी, उशिरा का होईना, ठरवले. संगणकाच्या आज्ञावलीत ते उतरवताना ते पुन्हा एकदा ठरवावे लागेल.

आणि आता वाळवंट. निबंधात जे कधी येत नाही, ते इथे आहे.

चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे वारकरी संप्रदायाचे सभागृह. नामदेवांचे कीर्तन इथलेच. जातीपातीची उतरंड मोडून एकमेकांच्या पाया पडण्याची रीत इथलीच. याच वाळवंटाची दुसरी बाजू अशी, की सुमारे एक लाख वस्तीच्या या गावात आषाढीला दहा-पंधरा लाख माणसे येतात आणि त्यांतली फार मोठी संख्या वर्षानुवर्षे प्रातर्विधीसाठी नदीकाठ, वाळवंट, मोकळ्या जागा आणि रस्त्यांच्या कडा वापरत आली. हिशेब कोणालाही करता येईल. माणशी पाव किलो धरला, तर दहा लाख माणसांचा एका दिवसाचा मैला अडीचशे टन होतो. यात्रा एका दिवसाची नसते. हा मैला गेला कुठे? काही उजनीतून सोडलेल्या पाण्याने नेला, काही पावसाने. उरलेला सफाई कामगारांनी उचलला, तोही खराटा, फावडे आणि पाटी घेऊन. ते कामगार कोणत्या समाजातून येत होते, हे सांगण्याची गरज नाही. ज्या दारावर साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, त्या दाराच्या आत या कामगारांना जाता येऊ लागले. पण त्यांच्या हातातली पाटी तशीच राहिली.

हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. माणसाकडून हाताने मैला उचलून घेण्याला १९९३ च्या कायद्याने बंदी होती, २०१३ च्या कायद्याने ती अधिक कडक झाली. मग पंढरीत हे कसे चालते, असा तो सवाल होता. २०१४-१५ मध्ये न्यायालयाने शासनाला आणि स्थानिक यंत्रणेला खडसावले, शौचालये उभारण्याचे आदेश दिले, वाळवंटातल्या राहुट्या आणि तंबूंवर निर्बंध आणले. वारकरी मंडळींतून त्या वेळी नाराजी व्यक्त झाली. ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येत नाही. शेकडो वर्षांची कीर्तनाची जागा एका आदेशाने बंद होणे हे कोणालाही बोचणारच. पुढे मर्यादित स्वरूपात कार्यक्रमांना परवानगी मिळाली आणि नदीपलीकडे ६५ एकर जागेत वारकऱ्यांच्या निवासाची, पाण्याची व शौचालयांची सोय झाली. पण मनाशी एक गोष्ट कबूल करावी लागेल. वाळवंटाचे पावित्र्य राखण्याची आठवण समाजाला न्यायालयाने करून द्यावी लागली. जिथे तुळशीमाळ घालून माणूस मांसाहार सोडतो, तिथे त्याच माणसाने मागे टाकलेली घाण दुसऱ्या माणसाच्या हाती जाते, याची टोचणी संप्रदायाच्या आतून उठायला हवी होती.

ती अगदीच उठली नाही असेही नाही. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, तो पंढरपुरात. लोक दर्शनाला धावत आणि बाबा वाळवंट झाडत. त्यांनी इथे बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन या उच्चशिक्षित माणसाने १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला मिळावे म्हणून आग्रह धरला आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या साध्या, स्वस्त संडासाचा नमुना घडवला. त्याच रत्नागिरीत त्याच दशकात स्वातंत्र्यवीर सावरकर स्थानबद्धतेत होते, पतितपावन मंदिर उभे करत होते आणि 'किर्लोस्कर' मासिकातून यंत्रयुगाचा निःसंकोच पुरस्कार करत होते. दोघांच्या वाटा भिन्न, स्वभाव तर त्याहून भिन्न. एकाला हात घाण करून घ्यायचा होता, दुसऱ्याला हाताच्या जागी यंत्र हवे होते. पंढरपूरला या दोघांचीही गरज होती. तिथे उत्सवाच्या विजेचे दिवे आधी आले आणि मैला उपसणारे यंत्र फार उशिरा. दोष यंत्राचा नाही. जे मागितले गेले, तेच आले.

अलीकडच्या काळात चित्र पालटू लागले आहे. २०१५ पासून 'निर्मल वारी' उपक्रमात पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये ठेवली जाऊ लागली. सेवा सहयोगसारख्या संस्थांचे आणि महाविद्यालयांचे स्वयंसेवक पहाटे अंधारात उठून वारकऱ्यांना हात जोडून त्या दिशेने वळवू लागले. प्लास्टिकची एक खोली, एक टाकी, एक नळी. यात तंत्रज्ञान म्हणून मिरवण्यासारखे काहीच नाही. अडचण वेगळीच होती. जन्मभर उघड्यावर गेलेल्या माणसाला त्या बंद खोलीत गुदमरते, पाणी संपले तर दुसऱ्यांदा तो येत नाही, स्त्रियांना दिवा आणि कडी हवी असते, टाकी भरल्यावर ती उपसणारी गाडी वेळेवर यावी लागते. यंत्र उभे करणे सोपे. ते चालते ठेवण्यासाठी पहाटे चार वाजता उठणारा माणूस लागतो.

रेल्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतीय रेल्वेच्या डब्यांतून मैला थेट रुळांवर पडत असे आणि तो स्थानकांवर हाताने साफ होत असे. ही लाज शतकाहून अधिक काळ कोणाला वाटली नाही. बर्फाळ सीमेवरील जवानांसाठी संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील शास्त्रज्ञांनी मैला जिरवणारे जिवाणू आणि त्यांची टाकी विकसित केली होती. तीच कल्पना रेल्वेने उचलली आणि काही वर्षांतच प्रवासी डब्यांना जैवशौचालये बसली. शोध होताच, तो कुठे लावायचा, एवढेच ठरायचे होते.

केरळातील एक घटना तर विद्यार्थ्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. २०१५ मध्ये कोझिकोड येथे गटारात उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालक गुदमरून मरण पावले. त्याच राज्यातील अभियांत्रिकी शिकलेल्या काही मित्रांना ही गोष्ट सोडवेना. त्यांनी गटारात उतरून गाळ काढणारा यंत्रमानव तयार केला, त्याला 'बँडिकूट' म्हणजे घूस असे नाव दिले आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. पुढे तो इतर राज्यांतही गेला. ही मुले कुठल्या जगप्रसिद्ध संस्थेतून आली नव्हती. एका लहान गावातील महाविद्यालयातच ती शिकली होती. आधी गटारात उतरणाऱ्या कामगारांना तेच यंत्र चालवण्याचे शिक्षणही दिले गेले. यंत्र आले आणि माणूस देशोधडीला लागला असे होऊ दिले नाही, हे त्या कामातले खरे कौशल्य म्हणावे लागेल.

आता आपल्याकडील शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांकडे पाहावे. चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा, टाळी वाजवली की लागणारा दिवा, भ्रमणध्वनीवरून उघडणारे कुलूप. पुष्कळदा हे प्रकल्प तयार भागांसह बाजारात विकतही मिळतात आणि ते विकत घेतले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवणारा कोणी नसतो. वास्तविक, पंढरपूरसारखी प्रयोगशाळा जगात कुठे मिळेल? आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांना गाव काही दिवसांपुरते कितीतरी पट वाढते आणि मग पुन्हा आपल्या आकारावर येते. एरवीच्या वस्तीसाठी मोजलेली सांडपाण्याची नळी या दिवसांत तुंबणार, आणि यात्रेच्या गर्दीसाठी बांधलेले शौचालय बाकीचे दिवस कुलपात पडून मोडणार. नदीपात्रात कायमचे काही उभारावे तर उजनीचे पाणी आणि पावसाळ्याचा पूर ते नेणार. मग वाहून नेता येईल, उघडमीट करता येईल, कमी पाण्यात चालेल, नऊवारीतल्या म्हातारीला अंधारात वापरता येईल आणि ज्याची टाकी माणसाचा हात न लागता उपसली जाईल, असे काय बनवावे? यंत्र, स्थापत्य, विद्युत, संगणक या चारही शाखांना पुरून उरेल एवढा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले, तर नाशिकच्या सिंहस्थाला ते लागेल, प्रयागच्या कुंभाला लागेल, जेजुरी-तुळजापूरला तर लागेलच.

एका आक्षेपाला इथे उत्तर द्यायला हवे. पालक म्हणतील, कर्ज काढून मुलाला अभियंता केला तो काय संडासाचा विचार करायला? त्याने हिंजवडीला जावे, जमल्यास परदेशी जावे. जावे की! पंढरपूरच्या मातीत राहूनच देशसेवा होते असा कोणाचा दावा नाही आणि घरी पैसा पाठवणारा मुलगा हा घराचा आधार असतो. पण हा आक्षेप नीट उलगडून पाहिला, तर त्याच्या आत पगाराची गोष्ट कमी आणि विटाळाची गोष्ट अधिक आढळते. संगणकाच्या पडद्यावर सांडपाण्याचे गणित सोडवणेदेखील काही घरांना कमीपणाचे वाटते. याच घरांत जनाबाईचे अभंग मोठ्या प्रेमाने म्हटले जातात. वारकरी परंपरेने जनीच्या देवाला काय काय करायला लावले, ते आठवून पाहावे. त्याला तिने दळायला बसवले, धुणे धुवायला लावले, शेणी वेचायला लावल्या, झाडलोट करून केर भरायला लावला. देवाने पाटी उचललेली ज्यांना चालते, त्यांना मुलाने पाटी नाहीशी करणारे यंत्र बनवलेले का चालू नये?

संप्रदायाच्या धुरीणांकडेही काही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. कीर्तनकाराच्या एका शब्दावर हजारो माणसे व्यसन सोडतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. वाळवंटात घाण करणे हा अपराध चंद्रभागेपेक्षाही ती उचलणाऱ्या माणसाचा आहे, एवढे एक वाक्य प्रत्येक फडावरून निघाले, तर अभियंत्याचे निम्मे काम होईल. दिंडीत पाण्याचा टँकर चालतो, स्वयंपाकाची गॅसची शेगडी चालते; त्या दिंडीच्या सामानात दोन फिरती शौचालये असणे हे तिचे वैभव मानले जावे. काही दिंड्यांनी तशी सुरुवात केली असेल, तर त्यांची नावे मानाच्या यादीत वर यावीत.

एकादशी होते. द्वादशीचे पारणे होते. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या उधळल्या जातात आणि बाया जनाबाईच्या जात्याला हात लावून माघारी फिरतात. यात्रेच्या गर्दीत महाविद्यालयात येणेजाणे अवघड होते, त्यामुळे बरीच मुले गावी गेलेली असतात. वाळवंटात त्या सकाळी शेकडो कामगार उतरलेले असतात. गमबूट आणि हातमोजे मिळाले असतील तर ते घालून, नसतील तर तसेच.